वाट बांधणारे आणि वाट राखणारे

काही दिवसांपूर्वी तालुक्याच्या गावी एका शिक्षकमित्राकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी त्यांचा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. मुलाचा संगणकाचा अभ्यासक्रम संपत आलेला, वडील शेतकरी. चहा झाल्यावर वडिलांनी सरळच विचारले, "गुरुजी, ह्या पोराला पुढं नेटवर्किंग शिकवू का सिक्युरिटी? एक क्लासवाला म्हणतो हे घ्या, दुसरा म्हणतो ते घ्या. दोन्हीकडं फी भरायची माझी ऐपत नाही. काय ते एकदाच सांगा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी घटकाभर गप्प राहिलो. उत्तर द्यावयाचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि इतिहास ऐकायला सवड कोणाला असते? पण त्या दोघांनी तो ऐकून घेतला. तोच आज आपणापुढे मांडणार आहे. कारण हा प्रश्न त्या एका घरचा नाही. ज्या ज्या गावातून पोरे शिकून बाहेर पडत आहेत, त्या त्या गावचा आहे.

आधी दोन्ही धंद्यांची ओळख करून घेऊ. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी फड-बागायतीची जुनी पद्धत आहे. तिथे गावाने नेमलेला पाटकरी असे आणि जागल्या असे. पाटाचे पाणी पाळीपाळीने शेवटच्या शेतापर्यंत पोहोचविणे हे पाटकऱ्याचे काम. उभ्या पिकाची गुराढोरांपासून, चोराचिलटांपासून राखण करणे हे जागल्याचे काम. नेटवर्किंगवाला म्हणजे संगणकांच्या जगातला पाटकरी. एका यंत्रातून निघालेली माहिती दुसऱ्या यंत्रापर्यंत बिनचूक, न थांबता जावी, हे तो पाहतो. सुरक्षावाला हा जागल्या. जिला जाऊ द्यावयाचे नाही ती माहिती बाहेर जाऊ नये, ज्याला येऊ द्यावयाचे नाही तो आत येऊ नये, हे तो पाहतो.

आता प्रश्न असा, की पाट कोठून येतो, कोठे वळतो, कोठे फुटतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला राखण तरी कशी करता येईल? याचे उत्तर इतिहासाने एकदा नव्हे, अनेकदा दिलेले आहे.

पहिली गोष्ट फ्रान्समधली आहे, आणि ती विजेच्या तारेच्याही आधीची आहे. १७९४ मध्ये पॅरिस आणि लील या शहरांमध्ये क्लोद शाप नावाच्या गृहस्थाने निरोपांची एक रांग उभी केली. दर काही मैलांवर एक मनोरा, मनोऱ्यावर लाकडी हात. एका मनोऱ्यावरचे हात ज्या रीतीने वळत, तसेच पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून पाहून आपले हात वळवी. घोड्यावरच्या टपालापेक्षा निरोप कितीतरी लवकर पोहोचू लागला. पुढे असल्या रांगा देशभर झाल्या. सरकारने राखणीचाही विचार केला होता बरं का! मधल्या मनोऱ्यांवरच्या माणसांना खुणांचा अर्थ ठाऊकच नसे. सांकेतिक पुस्तक ठरावीक ठाण्यांवरच्या मोजक्या अधिकाऱ्यांपाशी असे. शिवाय ही रांग फक्त सरकारी कामासाठी होती.

तरीही तिच्यात चोरी झाली. बोर्दो शहरात ब्लाँ आडनावाचे दोघे भाऊ सरकारी कर्जरोख्यांचा व्यापार करीत. पॅरिसच्या बाजारात भाव चढला की उतरला हे इतरांच्या आधी कळले, तर त्यात पैसाच पैसा होता. १८३४ मध्ये त्यांनी तूर या ठाण्यावरच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊन फितविले. मात्र सरकारी निरोप वाचण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. त्यांनी एवढेच केले, की भाव हलला म्हणजे त्या माणसाने सरकारी निरोपात एक ठरलेली चूक घालावयाची, आणि लगेच 'मागची खूण रद्द' अशी खूण द्यावयाची. ही चूक मनोऱ्यांच्या रांगेवरून निमूटपणे बोर्दोपर्यंत जाई. बोर्दोजवळ बसलेला त्यांचा माणूस ती पाहून घेई. अधिकारी मात्र नियमाप्रमाणे ती गाळून टाकी. तूर हेच ठाणे का निवडले? कारण पॅरिसहून येताना पडलेल्या चुका त्या ठाण्यावर दुरुस्त होत असत. तेव्हा जी काही चूक घालावयाची, ती तूरच्या पुढेच घालायला हवी होती.

श्रोतेहो, जाळ्याच्या चोरीचे हे जगातले अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. यात विशेष काय आहे? चोराने कुलूप तोडलेच नाही. वाट कशी चालते, चुका कोठे सुधारल्या जातात, कोठे सुधारल्या जात नाहीत, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. राखणारे संकेताच्या पुस्तकावर पहारा करीत बसले, आणि चोर वाटेनेच निघून गेला. दोन वर्षे कोणाला पत्ता नव्हता. १८३६ मध्ये बिंग फुटले, खटला उभा राहिला. पण असल्या दुरुपयोगाविरुद्ध त्या वेळी कायदाच नव्हता, त्यामुळे भाऊ मोठ्या शिक्षेवाचून सुटले. मग १८३७ मध्ये फ्रान्सने तारायंत्रणेबद्दल कायदा केला. आधी वाट, मग चोर, मग राखणदार आणि शेवटी कायदा. हा क्रम लक्षात ठेवा; तो पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडेही तो आला. डॉक्टर ओ'शॉनेसी नावाच्या कलकत्त्याच्या वैद्याने १८३९ मध्ये तारेचे प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार चालू झाली, आणि १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई तारेने जोडली गेली. १८७० मध्ये समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेने मुंबई एडन-सुवेझच्या मार्गाने विलायतेला जोडली गेली. मग १८८५ चा तारेचा कायदा झाला. त्यात तार तोडणे हा जसा गुन्हा ठरला, तसाच तारखात्यातल्या नोकराने दुसऱ्याचा निरोप फोडणे हाही गुन्हा ठरला. ज्या तारमास्तरांना आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिले आहे, त्यांच्या एकाच टेबलावर हे दोन्ही धंदे नांदत होते. तार बिनचूक पाठवावयाची, आणि तिच्यातला मजकूर पोटात ठेवावयाचा. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, पण त्या टेबलावरचे ते दोन धर्म बंद झाले नाहीत. ते संगणकाच्या टेबलावर आले.

ते कसे आले ते आता पाहू. २९ ऑक्टोबर १९६९ या दिवशी रात्री अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून साडेतीनशे मैलांवरच्या स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेच्या संगणकाला पहिला निरोप गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. 'एल' गेले, 'ओ' गेले आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. तासाभराने ते दुरुस्त झाले आणि निरोप पुरा झाला. या जाळ्याचे नाव आर्पानेट. वर्षाअखेर त्यात चार ठिकाणे होती.

यातली मुख्य युक्ती आपल्या टपालाच्या उदाहरणाने कळेल. लांबलचक निरोप एकदम पाठवावयाचा नाही. त्याचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालावयाचा, पाकिटावर क्रमांक आणि पत्ता लिहावयाचा. पाकिटे मिळेल त्या वाटेने जातील; पलीकडे क्रमांक लावून ती जुळवून घ्यावयाची. वाटेत जे यंत्र पत्ता वाचून पाकीट पुढच्या योग्य वाटेला लावते, त्याला आज राउटर म्हणतात. रेल्वेच्या टपालडब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणाखणांत टाकणारा जो सॉर्टर असे, त्याचेच काम हे यंत्र सेकंदाला लाखो वेळा करते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची रीत मांडली, आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट त्या रीतीने चालू लागले. आजचे इंटरनेट त्याच रीतीवर उभे आहे.

पण हे गाव लहान होते. सगळे एकमेकांना ओळखणारे. प्राध्यापक, संशोधक, त्यांचे विद्यार्थी. अशा गावात वेशीला दार कोण लावतो? पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव जे लिहिलेले असेल ते खरेच मानावयाचे, असा रिवाज होता.

या गावाला पहिली जाहीर ताकीद देणाऱ्यांपैकी एक जण कोण होता, हे ऐकण्यासारखे आहे. तो पहारेकरी नव्हता; वाट बांधणारा होता. त्याचे नाव बॉब मेटकाफ. एका इमारतीतले संगणक एकमेकांना जोडण्याची ईथरनेट नावाची जी पद्धत आज शाळांतून, कचेऱ्यांतून सर्वत्र वापरली जाते, तिची मूळ कल्पना याच माणसाने १९७३ मध्ये मांडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आर्पानेटवाल्यांना एक टिपण लिहिले. तुमचे पासवर्ड सोपे आहेत, बाहेरून फोन लावून कोणीही आत येऊ शकतो, आणि एका यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा पासवर्ड तर लॉस एंजेलिसच्या शाळेतल्या दोन पोरांनी मिळविला आहे, असा त्याचा आशय होता. ज्याने पाट खणला, त्यालाच तो कोठे पाझरतो हे आधी दिसले. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा प्रकार पुढे बारा-तेरा वर्षे चालला.

मग १९८६ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्राचा माणूस संगणकखात्यात कामाला होता. संगणक कोणी किती वेळ वापरला याचा तिथे हिशेब ठेवला जाई. एका महिन्याच्या हिशेबात पाऊण डॉलरचा, म्हणजे पंचाहत्तर सेंटचा फरक आला. कोणीतरी नऊ सेकंद यंत्र वापरले होते आणि त्याचे पैसे कोणाच्याच नावावर पडत नव्हते. दुसरा एखादा म्हणाला असता, जाऊ द्या हो, पाऊण डॉलरच तो! पण आपल्या पतपेढीतला जुना कारकून जसा एका पैशाचा फरक सापडेपर्यंत खतावणी मिटत नाही, तसा हा माणूस त्याच्या मागे लागला.

त्याने काय केले? बाहेरून येणाऱ्या तारांना छापयंत्रे जोडली आणि आत येणारा काय काय टाइप करतो ते कागदावर उतरवून घेतले. चोर लष्कराची यंत्रे धुंडाळीत होता. मग तो येतो कोठून हे शोधण्यासाठी स्टोलला टेलिफोनखात्याच्या आणि संगणकजाळ्याच्या माणसांना बरोबर घ्यावे लागले. एका जाळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा माग काढीत काढीत गेल्यावर तो अटलांटिकपलीकडे पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात निघाला. माग पुरा लागण्यासाठी चोर बराच वेळ तारेवर राहायला हवा होता. म्हणून स्टोलने खोट्या सरकारी कागदांचा ढीग रचून ठेवला आणि चोर तो वाचीत बसला. ही मंडळी मिळविलेली माहिती रशियाच्या हेरखात्याला विकीत होती, असे पुढे निष्पन्न झाले.

या गोष्टीतून मुलांना काय सांगावयाचे? स्टोल हा राखणदार म्हणून नेमलेला नव्हता. त्या वेळी असा धंदाच जवळजवळ नव्हता. त्याच्यापाशी होती ती चिकाटी, रोज नोंद लिहिण्याची शिस्त, आणि वाट समजून घेण्याची तयारी. पाकीट कोणत्या तारेने आले, हे सांगणारे नेटवर्कचे जाणकार त्याला भेटले नसते, तर पाऊण डॉलरचा फरक तसाच राहिला असता.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, मोठाच धक्का बसला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात शिरणारा एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. जाळे किती मोठे आहे ते पाहावे, एवढाच हेतू होता, असे सांगितले गेले. यंत्रात आपण आधीच शिरलेलो आहोत का, हे तो प्रोग्राम विचारी. पण कोणी खोटे उत्तर देऊन फसवू नये म्हणून सात वेळांतून एकदा उत्तर न जुमानता पुन्हा शिरावे, असे त्यात लिहिले होते. हिशेब चुकला. एकाच यंत्रात त्याच्या प्रतींवर प्रती जमल्या आणि यंत्रे गुदमरून बंद पडू लागली. जाळ्यात त्या वेळी साठ हजारांच्या आसपास यंत्रे होती; त्यातली सहा हजार बाधित झाली, असा अंदाज त्या वेळी केला गेला.

यातला योगायोग असा, की या मुलाचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट मॉरिसच, अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. युनिक्स या संगणकप्रणालीत पासवर्ड गुप्त रूपाने साठविण्याची पद्धत बसविणाऱ्यांपैकी ते एक. बाप कुलपे करणारा, आणि मुलाने साऱ्या आळीची दारे उघडी टाकली! १९९० मध्ये मुलाला शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण तीन वर्षे देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड. अमेरिकेतल्या संगणक-गुन्ह्यांच्या १९८६ च्या कायद्याखाली ज्युरीपुढे दोषी ठरलेला तो पहिला माणूस. पुढे तो एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झाला, आणि त्याचा विषय कोणता? संगणकांची जाळी.

या धक्क्यानंतर त्याच महिन्यात अमेरिकेने पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकांवरील संकटांच्या वेळी धावून जाणारे एक पथक स्थापन केले. तेच सर्ट. इथून पुढे दोन धंद्यांच्या वाटा वेगळ्या दिसू लागल्या. आतले जाळे आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये फायरवॉल नावाचा नाका उभा राहिला, आणि नाक्यावर बसणारा माणूस वेगळा झाला. परीक्षाही वेगळ्या झाल्या. सिस्को कंपनीने १९९३ मध्ये नेटवर्किंगमधील वरच्या दर्जाची परीक्षा काढली आणि १९९८ मध्ये नवशिक्यांसाठी सीसीएनए काढली. सुरक्षेतली सीआयएसएसपी ही परीक्षा १९९४ पासून सुरू झाली.

आपल्या देशातही तोच क्रम दिसतो. १९८६ मध्ये एरनेट प्रकल्प सुरू झाला आणि शिक्षणसंस्था एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या. त्यात मुंबईची आयआयटी आणि मुंबईचेच सॉफ्टवेअर-तंत्राचे राष्ट्रीय केंद्र होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसारख्या मोठ्या शहरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. कायदा आला तो २००० मध्ये, आणि सर्ट-इन हे आपले राष्ट्रीय पथक काम करू लागले ते २००४ च्या जानेवारीत. आधी वाट, मग राखण. फ्रान्सच्या मनोऱ्यांपासून हाच क्रम आहे.

आता कोणी म्हणेल, वाटा वेगळ्या झाल्या ना? मग मुलाने सरळ एक धरावी आणि दुसरी सोडून द्यावी. त्यावर दोन उदाहरणे देतो.

पहिले रेडिया पर्लमन या बाईंचे. जाळ्यात चुकून वर्तुळ तयार झाले, तर पाकिटे त्यातच गरगरत राहतात आणि सगळे जाळे तुंबते. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत काम करताना पर्लमनबाईंनी यावर उपाय शोधला. जोडयंत्रांनी आपापसांत ठरवून काही वाटा तात्पुरत्या मिटवावयाच्या, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखी रचना उरते आणि वर्तुळ राहत नाही. ही झाली निव्वळ वाट बांधण्याची गोष्ट. पण १९८८ मध्ये त्यांनी पीएचडीचा जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय असा, की मधली काही यंत्रे खोटे बोलू लागली तरी निरोप ठिकाणावर कसा पोहोचेल? पुढे त्यांनी जाळ्याच्या सुरक्षेवर पाठ्यपुस्तक लिहिण्यात भाग घेतला. ज्याला वाट नीट कळली, त्याला राखणीचा प्रश्न आपोआप पडतो.

दुसरे उदाहरण आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून नॉटपेट्या नावाची कीड पसरली. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाजकंपनीच्या यंत्रांत ती शिरली आणि थोड्या वेळात कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प झाला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाचे जे टर्मिनल आहे, तिथलेही काम विस्कळीत झाले. जिथे वाफ्यावाफ्याला बांध असायला हवे होते, तिथे सगळे रान मोकळे होते. एका कोपऱ्यात शिरलेले पाणी सगळीकडे पसरले.

कोणाला कोठे प्रवेश द्यावयाचा याची नोंदवही सांभाळणारी यंत्रे त्या कंपनीपाशी दीडशेच्या आसपास होती, आणि ती एकमेकांच्या प्रती ठेवीत. पण सगळीच एकदम पुसली गेली, तर काय? तसेच झाले. शोधता शोधता एकच शाबूत प्रत सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशात. तिथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते! तिथली इंटरनेटची तार इतकी बारीक, की ती प्रत तारेवरून पाठवायला दिवसचे दिवस लागले असते. तेव्हा घानाचा माणूस ती घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडला गेला. मग दहा दिवसांत चार हजार मोठी आणि पंचेचाळीस हजार साधी यंत्रे नव्याने उभी केली. नुकसान पंचवीस-तीस कोटी डॉलरांचे झाले.

त्या दहा दिवसांत जे लोक अहोरात्र खपले, त्यांत नेटवर्कवाला कोण आणि सुरक्षावाला कोण, हे कोणी विचारीत बसले असेल काय? वाफ्यांना बांध घालणे हे नेटवर्कवाल्याचे काम. बांध कोठे हवा हे सांगणे सुरक्षावाल्याचे. एकाने सांगितले नाही किंवा दुसऱ्याने घातला नाही, तर फळ एकच.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. निवड करावयाचीच, ती कशी करावी?

पहिली गोष्ट, आरंभीचा अभ्यास दोन्हींचा एकच आहे. पाकीट कसे तयार होते, पत्ते कसे दिले जातात, राउटर आणि स्विच काय करतात, हे दोघांनाही यावेच लागते. वायरशार्क नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. त्यात तारेवरून जाणारे प्रत्येक पाकीट उघडून पाहता येते. पाणी कोठे अडले हे पाहायला नेटवर्कवाला ते वापरतो; पाण्यात विष कोणी कालवले हे पाहायला सुरक्षावालाही तेच वापरतो. तेव्हा पहिल्या फीचा पैसा या पायावर घालावा. तो कोणत्याही वाटेला वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, सहा महिन्यांत सुरक्षेचा तज्ज्ञ करून देतो, असे जो म्हणेल, त्याला एवढेच विचारावे. सीआयएसएसपी ही मान्यवर परीक्षा आहे ना? मग ती देऊनही पाच वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखविल्याशिवाय पूर्ण प्रमाणपत्र का मिळत नाही? पदवीधराला फार तर एका वर्षाची सूट मिळते. जाणत्या मंडळींनी ही अट उगीच घातलेली नाही. आधी कळस आणि मग पाया, असे घर उभे राहत नाही. सुरक्षेतही नवशिक्यांसाठी कामे आहेत, नाहीत असे नाही. रात्रपाळीला बसून यंत्रांच्या नोंदी वाचावयाच्या, काही वावगे दिसले तर वरच्याला सांगावयाचे. पण ज्याला नेहमीचे काय हे ठाऊक नाही, त्याला वावगे काय ते कसे ओळखू येणार?

तिसरी गोष्ट स्वभावाची. काही मुलांना मोडलेले चालू करण्यात आनंद वाटतो. पंप बंद पडला की ती आधी तिथे धावतात. अशा मुलाला नेटवर्किंग मानवेल. त्याचे काम लोकांना दिसते, निदान बंद पडले की नक्की दिसते. काही मुले चालू असलेल्या गोष्टीकडेही संशयाने पाहतात. हे असेच का, उलटे केले तर काय होईल, असे विचारीत राहतात. ती सुरक्षेत रमतील. पण त्यांना हे सांगून ठेवावे, की तुमचे यश दिसणार नाही. रात्र निर्विघ्न पार पडली म्हणून सकाळी जागल्याला कोणी हार घालीत नाही. एक रात्र चुकली, तर मात्र सगळे गाव दारात येते.

चौथी गोष्ट पोटापाण्याची. नेटवर्किंग म्हणजे केवळ तारा ओढणे, ही समजूत आता सोडली पाहिजे. पुष्कळशी यंत्रे आता प्रोग्राम लिहून चालविली जातात; ज्याला थोडेफार प्रोग्राम लिहिता येतात, त्याला वर चढता येते. आणि हे काम केवळ शहरातले राहिलेले नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची जी योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली, तिच्या तारा खेड्यांच्या वाटेनेच जातात. जेसीबीने तुटलेली तार जोडायला माणूस लागतोच. सुरक्षेचे काम मात्र बहुधा जिथे बँका आणि मोठ्या कचेऱ्या आहेत, तिथे अधिक. घरापासून किती दूर जावयाची तयारी आहे, हाही विचार करावा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती शिक्षकबंधुभगिनींना विशेष सांगावयाची आहे. शाळेत दोन जुने संगणक असतील, तर ते एका तारेने जोडून दाखवा. एकाने हाक मारावी, दुसऱ्याने ओ द्यावी. 'पिंग' नावाचा छोटा प्रोग्राम एवढेच करतो, आणि तो १९८३ पासून हेच करीत आला आहे. ती हाक पोहोचली की मुलांचे डोळे कसे चमकतात, ते पाहा. मात्र त्याच तासाला मॉरिसची गोष्टही सांगा. दुसऱ्याच्या यंत्रात त्याच्या परवानगीवाचून शिरणे, मग ते गंमत म्हणून का असेना, आपल्याही कायद्याच्या विरुद्ध आहे. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने तसे केले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या घरचे कुलूप उघडून पाहणे हा अभ्यास, शेजाऱ्याचे उघडून पाहणे ही चोरी. हा भेद ज्याला लहानपणी कळला नाही, त्याच्या हाती गावाची राखण देता येत नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर तो शेतकरी थोडा वेळ बोलला नाही. मग मुलाकडे वळून म्हणाला, "म्हंजे आधी पाटावर हिंडून ये. फुटलं कुठं ते दिसायला लागलं, की मग राखणीचं बघू." मुलगा म्हणाला, "आणि पाटावरच मन रमलं तर?"

"तर पाटावर रहा. पाणी पोचवणाराबी गावाला लागतोच की."

मला त्यात भर घालण्यासारखे काही उरले नव्हते. गुरुजींनी कपाटातून दोन जुने संगणक बाहेर काढायला सांगितले, आणि मुलगा तार शोधायला गेला.